नियम नसता तर

२६ जुलै, शनिवार

डॉक्टरांनी एक वही दिली आहे. फॉर्म वाचून दाखवताना काय अडचण येते ते रोज त्यात लिहा म्हणाले. त्या वहीत मी सुवाच्य अक्षरात 'अडचण नाही' असं लिहिणार आहे. ही दुसरी वही. ही दुकानात लग्नपत्रिकांच्या नमुन्यांमागे राहील, कारण पत्रिका बघायला आता कुणी येत नाही.

हे माझ्या गळ्यात कसं पडलं ते आधी लिहितो. मानवतला वीस वर्षं माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्न, बारसं, वास्तुशांती, सगळं माझ्या हातून छापून गेलं. हल्ली लोक मोबाईलवर आमंत्रण देतात. त्यामुळे धान्याच्या मोंढ्यासमोरच्या शुगरच्या दवाखान्याचे डॉक्टर बन्सीधर इंग्रजी फॉर्म घेऊन आले आणि 'शिवप्रकाशजी, एवढं मराठीत करून द्या' म्हणाले, तेव्हा बरं वाटलं. पहिलं पान वाचलं आणि बरं वाटणं संपलं.

शुगर असलेल्या किती पुरुषांना बायकोजवळ जाणं जमत नाही, याचं संशोधन आहे. तोंडानं कुणी सांगत नाही, म्हणून फॉर्म. पाच प्रश्न. गेल्या आठवड्यात जमलं का, किती वेळा जमलं, किती टिकलं, स्वतःची खात्री किती, समाधान किती. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पंचवीस. दहावीच्या तोंडी परीक्षेतसुद्धा मास्तर इतकं खोदून विचारत नाहीत.

आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग आहे. तोच शब्द या कामासाठी टाईप करायची वेळ आली तेव्हा हात आपोआप गळ्याकडे गेला. मी तिथं 'अवयव' केलं. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. दुपारी एक बाई आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या, तर मी घाईनं स्क्रीनच बंद केला. स्वतःच्या दुकानात चोरासारखं बसायची पाळी आली.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आले. निम्म्या पेशंटना वाचता येत नाही म्हणे. 'सिस्टर बाई आहेत, त्यांच्यापुढं पुरुष बोलणार नाहीत. तुमचा आवाज चांगला आहे, गणपतीत निवेदन करता. तुम्हीच वाचून दाखवा.' शिसारी आली. तरी हो म्हणालो.

३० जुलै, बुधवार

पहिला दिवस. डॉक्टर म्हणाले, आधी एक फॉर्म स्वतः भरा, म्हणजे किती वेळ लागतो कळेल. मी वर 'नमुना' असं लिहिलं आणि अर्ध्या मिनिटात पंचवीसपैकी पंचवीस करून दिले. नमुना म्हटल्यावर तो नीटच असायला हवा.

बाकीचा दिवस असा गेला की घरी येऊन हात दोनदा धुतले. पहिले आले ते माणिकराव, एकाहत्तर वर्षांचे, पायाला पट्टी. मी पहिला प्रश्न अर्धा वाचला तर म्हणाले, "सगळ्याला पाच टाका." मी म्हटलं, ऐकून तर घ्या. म्हणाले, "ऐकायचं काय त्यात, आमच्या खानदानात कमी कोणालाच न्हाई." असं म्हणून हसले, आणि तंबाखूची लाळ फॉर्मवर पडली. मी तो फॉर्म दोन बोटांनी उचलून पंख्याखाली वाळत घातला.

दुसऱ्यानं बायकोलाच आत आणलं. प्रश्न त्याला, उत्तरं ती देणार. "शून्य लिहा भाऊ, शून्य," असं ती भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती आणि हा खाली बघून गुडघ्यावरची खपली काढत होता. तिसऱ्यानं प्रत्येक प्रश्नाला मलाच विचारलं, "तुमचं कसं हाय?" मी वर न बघता पुढचा प्रश्न वाचला.

पुरुष जातीची किळस यावी असा दिवस. खोटं बोलतात तेही घाणेरडं, खरं बोलतात तेही. क्लिनिकमध्ये पंखा नुसता आवाज करतो, वारा देत नाही. पाण्याची बाटली तीन वेळा भरून प्यायलो तरी घसा कोरडाच. डॉक्टरांच्या वहीत लिहिलं, 'अडचण नाही.'

३ ऑगस्ट, रविवार

न्हाणीत मुंग्यांची रांग लागली आहे. बायकोला, वैजयंतीला म्हटलं, साखर कुठं सांडलीस? ती म्हणाली, "न्हाणीत कोण साखर सांडतंय?" मुंग्यांचा खडू आणून चारी बाजूंनी ओढला. दोन दिवसांत पुन्हा तशाच.

घरात सगळंच असं चाललंय. मुलगी राजेश्री नोकरीला संभाजीनगरला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, तरी वरची टाकी संध्याकाळपर्यंत पुरत नाही. कारण आमची बाई हल्ली दोनदा आंघोळ करते. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, तीही साबण लावून, घासून घासून. मी म्हटलं, आपल्या गावाला आठ दिवसांनी नळ येतो, जरा विचार कर. गेल्या दिवाळीनंतर परभणीला तिचं ऑपरेशन झालं, पिशवी काढली. त्यानंतर बायका अशा तऱ्हेवाईक होतात म्हणे.

मी संक्रांतीपासून बाहेरच्या खोलीत झोपतो. झोपेत तिच्या टाक्यांना धक्का लागू नये म्हणून. टाके केव्हाच भरले, पण आता सवय झाली आहे. आणि मला रात्री तीन-चारदा उठावं लागतं, तिची झोप कशाला मोडायची. शिवाय आता श्रावण. यंदा मी श्रावणाचा पूर्ण नियम धरला आहे. एक वेळ जेवण, पोथी, आणि बाकी सगळं वर्ज्य. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." माणूस देवाधर्माचं काही करतो तेव्हा घरच्यांनी जरा कौतुकानं बघावं, तेवढंही नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज खेड्यात शिबिर होतं. गावाचं नाव लिहायचं नाही अशी डॉक्टरांची तंबी आहे. देवगाव फाट्यावरून आत चार किलोमीटर एवढंच लिहितो. बहुतेक घरं आमच्याच समाजाची. त्या गावाची एक रीत आहे, श्रावणभर सगळे बाप्ये मठात झोपतात. सकाळ-संध्याकाळ पोथी, घरी फक्त जेवायला जायचं. मठात शिरताच भिजवलेल्या भगरीचा, घामाचा आणि ओल्या सतरंजीचा असा काही वास आला की मी रुमाल नाकाला लावला.

सिस्टर धम्मशीला ओसरीवर बसून बोटाला टोचून शुगर बघत होत्या. ज्यांची निघेल त्यांना माझ्याकडे पाठवायचे. मला मठाच्या कोठीत एक धोतर आडवं बांधून दिलं होतं. त्याच्यामागे मी आणि चाळीस पुरुष, एकामागून एक. कुणी करपट ढेकर देतोय, कुणी बसल्या बसल्या पायाची नखं काढतोय. एकानं बोटाचं रक्त फॉर्मला पुसलं. आणि उत्तर सगळ्यांचं एकच. मी विचारायचं, गेल्या आठवड्यात... आणि त्यानं म्हणायचं, "श्रावण हाय की." प्रयत्न केला नाही म्हणजे शून्य. चाळीस माणसांचे शून्यावर शून्य लिहून माझं बोट दुखलं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, एक पट्टी उरलीय, तुमचंही बघून टाकू." मी म्हटलं, मी वाचायला आलोय, मी पेशंट नाही. त्या हसल्या आणि पट्टी डब्यात ठेवली. फाट्यावर एसटीत चढताना डाव्या पायातली चप्पल रस्त्यातच राहिली आणि मला सीटवर बसेपर्यंत कळलं नाही. कंडक्टरनं आणून दिली. अख्खी बस हसली. हल्लीच्या चपलाच असल्या.

७ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टर आज खुशीत. टेबलावर फॉर्म पसरून बसले होते. म्हणाले, "चाळीसच्या चाळीस जणांचा दोष तीव्र. एका गावात एवढं प्रमाण मी कुठंच वाचलेलं नाही." ते मोठ्या परिषदेत वाचायची तयारी चालली होती. मला हसावं का रडावं कळेना. एवढी पदव्यांची पाटी, आणि माणसाला श्रावण माहीत नाही. मी सांगितलं, अहो, ते मठात झोपतात. त्यांनी नियम धरला आहे. तुमच्या फॉर्मप्रमाणे श्रावणात अख्खा परभणी जिल्हा तीव्र निघेल.

डॉक्टरांचा चेहरा पडला. पेन आपटत बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. नियमानं गेला नाही आणि जमत नाही म्हणून गेला नाही, दोघांचाही शून्यच. मग फरक कसा करायचा?"

मी म्हटलं, त्यात काय एवढं? सरळ विचारायचं. आणि तिथंच पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं: 'नियम नसता तर जमलं असतं का? हो / नाही.' डॉक्टरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "शिवप्रकाशजी, हा सहावा प्रश्न तुमचा." खरं सांगायचं तर आनंद झाला. या सगळ्या घाणीत माझ्या हातून एक तरी नीट वाक्य निघालं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

पुन्हा तेच गाव, तोच वास. एकच प्रश्न विचारायचा म्हणून काम लवकर होईल असं वाटलं होतं. नियम नसता तर जमलं असतं का? चाळीसच्या चाळीस जण "हो" म्हणाले. काही जण तर प्रश्न संपायच्या आत.

एकतीस नंबरचा माणूस मात्र जाऊन परत आला. त्याचं नाव लिहायचं नाही, म्हणून त्याला चन्नप्पा म्हणतो. ते माझ्या आजोबांचं नाव. पन्नाशीचा, कपाळावर विभूती, हातात जपाची माळ. मी मठामागच्या हौदावर पाणी पीत होतो तिथं येऊन उभा राहिला.

"सायब, हा सवाल कोणी लिहिला?"

मी म्हटलं, मीच.

"लय बेरहम सवाल हाय." मग माळेचा एक मणी ओढला. "खरं सांगू का? श्रावण आला की मला बरं वाटतंय. कोणी विचारत न्हाई. बायकोबी विचारत न्हाई. बाराही महिने श्रावण असता तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, मग मघाशी हो का म्हणालात? तो म्हणाला, "भायेर भाऊबंद बसले हायत ना."

मी फॉर्म बदलला नाही. माझं काम वाचायचं. पण येताना बसमध्ये जी चीड आली ती आत्ता लिहितानाही उतरली नाही. अरे, तुझं जमत नाही तर नाही. त्याला देवाचं नाव कशाला? महादेवाला आडोशाला उभं करून स्वतःची इज्जत झाकायची, गळ्यात माळ आणि पोटात खोटं. तिकडं बायको बिचारी त्याला धार्मिक समजून जेवायला वाढत असेल. माणिकरावांची लाळ परवडली, पण ही विभूतीतली लबाडी नको. अशा माणसाच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मला वाटलं. हौदाचं मी आधीच प्यायलो होतो, तेही दोन तांबे.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज दुकानात नको ते झालं.

वैजयंती डबा घेऊन आली. सहसा येत नाही. मी नव्या फॉर्मचं प्रूफ काढून टेबलावर ठेवलं होतं. झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाकडे वळलो तेवढ्यात तिनं ते उचललं. ओळीखाली बोट ठेवून पहिल्यापासून वाचलं. सहाव्या प्रश्नावर बोट थांबलं.

"हे काय छापायलाव?"

"डॉक्टरांचं काम आहे."

"हा शेवटचा सवाल त्यांचाच का?"

"नाही. तो माझा."

"चांगला हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "तुमी भरलाव का?"

मी म्हटलं, मी काय पेशंट आहे? आणि माझा श्रावण चालू आहे, तुला माहीत आहे.

"तुमचा श्रावण संक्रांतीपासून चालू हाय." हळूच म्हणाली, कारण गिऱ्हाईक तिथंच होतं. "माझी पिशवी काढली म्हणून का? खरं सांगा. मला तसल्ली तरी व्हईल."

दिवसभर तेच कागद, तेच शब्द, तोच वास डोक्यात. मी म्हणालो, "रोज या घाणीत हात घालून बसतो. मला या सगळ्याचीच किळस आलीय."

"मतलब माझी?"

मी मशीनकडे वळलो. गिऱ्हाइकाला दोन्ही बाजू एकाच पानावर हव्या होत्या, ते करून देत होतो. मान वर केली तर ती गेली होती. डबा तिथंच. उघडला तर साबुदाणा, आणि वर लिंबाची फोड, मला आवडते म्हणून.

एका अर्थी बरंच झालं असं मी मनाला समजावलं. आता ती विचारणार नाही. पण साबुदाणा तसाच डब्यात राहिला.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला, आज श्रावण संपला. सकाळच्या गाडीनं वैजयंती माहेरी ताडकळसला गेली.

जायच्या आधी तिनं महालक्ष्म्यांचे मुखवटे माळ्यावरून काढले, मऊ फडक्यानं पुसले आणि पाटावर ठेवले. मला वाटलं, म्हणजे वेळेवर येणार. आठ दिवसांवर तर आल्या आहेत. मी तसं म्हटलंही. ती चपला घालता घालता म्हणाली, "येईन का न्हाई ते सांगता येत न्हाई. जिची किळस येती तिच्या हातानं कशाला उभ्या करता?"

आमच्या घरात महालक्ष्म्या घरच्या सुनेच्याच हातानं उभ्या राहतात. आई गेली त्या वर्षापासून तिनं एकही वर्ष चुकवलेलं नाही. मी म्हटलं, असं काय बोलतेस. एवढंच म्हटलं.

आज टाकी संध्याकाळपर्यंत भरलेलीच राहिली. मुंग्या मात्र आहेत. ती घरात नाही, म्हणजे साखर तिनं सांडलेली नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार

काय आणि कसं लिहावं कळत नाही. झालं त्या क्रमानं लिहितो.

सकाळी क्लिनिकमध्ये फॉर्मचे गठ्ठे पिना मारून लावत होतो. फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. वाटलं, कुत्रं शिरलं असेल कुठून तरी. काय ही घाण, म्हणत ठिपक्यांच्या मागे मागे गेलो. कपाटापर्यंत, तिथून टेबलापर्यंत, टेबलाला वळसा घालून परत माझ्याच खुर्चीपर्यंत. सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बसा. तुमचा पाय बघू."

डाव्या तळव्यात पिन गेली होती. पूर्ण आत. चप्पल पुन्हा कुठं तरी सुटली होती आणि मला पत्ता नव्हता. सिस्टरनी चिमट्यानं पिन ओढली. मी बघत होतो आणि मला काहीच होत नव्हतं, जणू शेजाऱ्याचा पाय. त्या वर बघून म्हणाल्या, "दुखलं नाही?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी न विचारता माझं बोट धरलं आणि टोचलं. तीनशे अडुसष्ट.

डॉक्टर आले. रागावले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. तहान लागते का? रात्री उठावं लागतं का? मग म्हणाले, "न्हाणीत मुंग्या लागतात का?" घरात खडूचा अर्धा खोका संपवला होता मी. बायकोला बोललो होतो. ती साखर माझ्याच लघवीतून जात होती.

डॉक्टरांनी गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला. वर माझ्या अक्षरात 'नमुना'. "पंचवीस," ते म्हणाले. "मोजणीत धरू का, शिवप्रकाशजी?"

"धरू नका."

"मग नवा भरा." तेवढ्यात बाहेर कुणाला तरी चक्कर आली म्हणून ते पळाले. सिस्टरनी कोरा फॉर्म घेतला आणि माझ्यासमोर बसल्या. मी म्हटलं, तुम्ही बाई माणूस, हे तुम्ही कसं वाचणार? त्या म्हणाल्या, "डॉक्टरांचं ऐकू नका. मला सगळं वाचता येतं. तुम्ही फक्त खरं सांगा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. एक एक शब्द माझा होता. कुठं स्वल्पविराम दिला तेही मला पाठ होतं. दीडशे माणसांना मी हे वाचून दाखवलं, पण ऐकलं आज पहिल्यांदा. पहिल्या प्रश्नाला म्हटलं, श्रावण होता. सिस्टर म्हणाल्या, "त्याच्या आधीचं सांगा." मग मी सांगितलं. शून्य, शून्य, एक, एक, एक. बेरीज तीन.

सहावा प्रश्न आला. नियम नसता तर जमलं असतं का? हो किंवा नाही. दोनच चौकोन ठेवले होते मी, तिसरा ठेवला नव्हता. मला मठामागचा तो चन्नप्पा आठवला, आणि त्याच्याविषयी या वहीत मी जे लिहिलं ते आठवलं. मी 'नाही' म्हणालो. सिस्टरनी चपलेचा नंबर लिहून घ्यावा तशी खूण केली आणि पायाला पट्टी बांधायला घेतली.

३० ऑगस्ट, शनिवार

ताडकळसला जाऊन आलो. फॉर्मची एक झेरॉक्स खिशात होती. तोंडानं सांगता येणार नाही हे मला माहीत होतं. डॉक्टर म्हणतात तेच खरं, तोंडानं कुणी सांगत नाही.

सासूबाई, शांतम्मा, चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, बिनसाखरेचा द्या. त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या. वैजयंती मागे गोठ्याशी शेंगा वाळत घालत होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं पदराला हात पुसले आणि पहिल्यापासून वाचला, ओळीखाली बोट ठेवून.

"तीन," ती म्हणाली.

"पंचवीसपैकी."

"कवापासून?"

खोटं सुचत होतं. संक्रांतीपासून म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तुझ्या ऑपरेशनच्या आधीपासून."

तिनं दोन्ही हातांनी शेंगा सारख्या केल्या. "मतलब तुमाला ठाऊक होतं. पिशवीचं कायीच नव्हतं."

"हो."

"मी परभणीच्या डॉक्टरीणबाईला जाऊन इचारलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पिशवी काढल्यावर बाईच्या अंगाला वास येतो का म्हणून. लाज सोडून इचारलं. त्या हसल्या. तरी मला खरं वाटलं न्हाई. दोन-दोन वेळा अंग घासायले मी."

टाकी संपते म्हणून मी हिला बोललो होतो.

"तुमच्या आजाराची किळस न्हाई मला," ती म्हणाली. "औषध घ्या. जमलं तर जमलं, न्हाई तर न्हाई, आता काय वय राहिलंय. पण मी अंग घासायले ते बघितलाव आणि गप बसलाव. मला वाटू दिलाव. त्याची मातर किळस आली. आज आली."

तिनं कागदाची घडी घातली आणि परत दिला. "ठेवा, डॉक्टरला लागंल," म्हणाली आणि आत जाऊन पिशवी भरली. मला वाटलं माफ केलं. तिनं माझ्या चेहऱ्यावर ते ओळखलं असावं. दारात म्हणाली, "मी महालक्ष्म्यांसाठी यायले."

परभणीपर्यंतच्या गाडीत ती बायकांच्या सीटवर बसली. परभणीहून मानवतपर्यंत माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तरी ती पुढंच बसली.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या उभ्या राहिल्या. तिनं साड्यांना स्वतः इस्त्री केली, निऱ्या स्वतः घातल्या, मला फक्त पाट धरायला सांगितला. राजेश्री सकाळच्या गाडीनं आली. आईला म्हणाली, यंदा गप गप का? ती म्हणाली, "प्रवास झाला."

मुंग्यांचे खडूचे पट्टे मी गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं पुसून काढले. पहाटे मोटर लावून टाकीही काठोकाठ भरून ठेवली होती, आज तिला दोनदा काय, चारदा आंघोळीला लागली तरी पुरावी म्हणून.

दिवेलागणीची वेळ झाली. मी न्हाणीच्या दाराकडे बघत बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. ती आज एकदाच आंघोळीला गेली, सकाळी.